यशया हुकला तो गुरुवार

देवाच्या वचनाला खंड नाही. आमच्या मंडळीत हे वाक्य संदेशात येतं, आभारप्रदर्शनात येतं, आणि उपवासकाळातल्या एका आठवड्यात तर कापडी फलकावर लिहून चर्चच्या दारावर टांगलं जातं. त्या आठवड्यात आम्ही सगळं पवित्र शास्त्र, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, मोठ्यानं आणि अखंड वाचतो. उजाडताच सुरुवात होते आणि दिवेलागणीला वाचणारे घरी जातात. रात्री पुस्तक मिटायचं नाही, उघडंच ठेवायचं, एवढ्यावर अखंडपणा भागवला जातो. दुपारी चहाला थांबतो तेव्हाही ते उघडंच असतं. एका वर्षी चहा पिऊन परत आलो तर पानावर पाल बसलेली होती. लेवीयाचा अकरावा अध्याय चालू होता, ज्यात अशुद्ध प्राण्यांमध्ये तिचाही समावेश आहे. तिनं तो वाचला असावा, कारण लगेच निघून गेली.

हे चर्च पांढरकवड्यात आहे. पत्र्याचं छप्पर, भिंतींना दर नाताळात लागणारा पिवळा रंग, आणि बोलणाऱ्याच्या आवाजाहून मोठा आवाज करणारे पंखे. वाचनाची आमची एक पद्धत आहे. स्टँडजवळ नेहमी दोघं उभे राहतात, एक वाचणारा आणि एक बोट ठेवणारा. वाचणारा डावीकडे, बोट ठेवणारा उजवीकडे. बोट ओळीखालून सरकत राहतं. वाचणाऱ्याला ठसका लागला, चक्कर आली किंवा चष्मा घसरला, तर बोट ठेवणाऱ्यानं त्याच शब्दापासून पुढे वाचायचं, म्हणजे खंड पडत नाही. लग्न झाल्यापासून मी नवऱ्यासाठी बोट ठेवत आले. त्याला ठसका कधीच लागला नाही, त्यामुळे मला वाचावंही कधी लागलं नाही.

माझ्या नवऱ्याचा आवाज हा तालुक्याचा आवाज होता. तो बस स्टँडच्या कंट्रोल रूममध्ये होता. यवतमाळ, वणी, घाटंजी, आदिलाबाद, कुठलीही गाडी फलाटाला लागली की तो कर्ण्यातून सांगायचा, आणि गाडी नेहमीसारखी उशिरा आलेली असली तरी ऐकणाऱ्याला वाटायचं की काहीतरी भव्य घडतं आहे. त्याच आवाजात तो दर वर्षी गुरुवारी सकाळी यशया वाचायचा. गुरुवारची सकाळ म्हटली की यशयाचा चाळिसावा अध्याय आणि त्याच्या पुढचं हे ठरूनच गेलं होतं. त्यात लोकांचं सांत्वन करायला सांगितलं आहे, दऱ्या भरतात, डोंगर खाली येतात, आणि देवासाठी सरळ रस्ता तयार होतो. नवरा ते वाचायला लागला की म्हाताऱ्या बाया डोळे पुसायच्या. मी ओळीखालून बोट सरकवत असे आणि मनात म्हणत असे, आता फलाट क्रमांक दोन.

तो निवृत्त झाला, आणि त्या आवाजाला फक्त चर्च उरलं. त्याच हिवाळ्यात आवाज बसला. आधी सर्दी म्हटली, मग धूळ म्हटली, मग हळदीचं दूध, मग मंडळीतल्या एका बाईंनी दिलेलं ज्येष्ठमध. होळी झाली तरी तो बोलायला लागला की कोणी पोतं फाडतंय असं वाटायचं. मी त्याला नागपूरला नेलं.

डॉक्टर माझ्या कॉलेजातल्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिनं नाकातून नळी घालून घशात पाहिलं आणि मग समोर बसून विचारलं,

"तंबाखू?"

"नाही," नवरा म्हणाला.

"खर्रा?"

नवरा छताकडे पाहू लागला. तो मंडळीचा पंच आहे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. पंच खर्रा खात नाहीत.

"खर्रा," मी म्हटलं.

"म्हणजे तंबाखूच," ती म्हणाली आणि लिहून घेतलं.

खर्रा म्हणजे आमच्याकडची सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेली वस्तू. कंट्रोल रूमच्या टेबलाच्या खणात ती असे हे मला, सगळ्या ड्रायव्हरांना आणि बहुधा देवाला माहीत होतं. फक्त मंडळीला माहीत नाही असं नवऱ्याला वाटायचं.

स्वरतंतूवर गाठ होती. शनिवारी तिचा तुकडा काढला. डॉक्टरनं दोन गोष्टी सांगितल्या. तुकडा तपासून गुरुवारी रिपोर्ट येईल, तोवर कॅन्सर आहे की नाही हे ती सांगू शकत नाही. आणि ती स्वतः परत तपासेपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही, कुजबुजणं बोलण्याहून वाईट. "जखम ओली आहे. आत्ता जोर लावला तर तंतू वेडावाकडा भरेल, आणि मग तो आवाज मी काय, कोणीच परत देऊ शकणार नाही."

नवऱ्यानं मान हलवली. परतीच्या बसमध्ये त्यानं मोबाइल काढला आणि शेजारी बसून मला मेसेज पाठवला, "गुरुवारी वाचन हाय."

मी म्हटलं, "यंदा नाही."

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

रविवारी भक्ती होती. आमचे पाळकसाहेब नगरकडचे. माणूस वाईट नाही. हातात माइक नसेल तर चांगलाच आहे. जाहिराती, म्हणजे आठवड्याच्या सूचना, सांगताना ते थांबले, चष्मा काढला, आणि म्हणाले, "आपल्या प्रिय बंधूंना डॉक्टरांनी मौन सांगितलं आहे. परंतु ज्यानं मनुष्याला मुख दिलं, त्याला आपण ओळखतो. गुरुवार सकाळची वाचकाची जागा आम्ही दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. विश्वासानं ती बंधूंसाठीच राखलेली आहे."

सगळी मंडळी आमेन म्हणाली. नवऱ्याचे कान लाल झाले. मी त्याच्याकडे पाहिलं आणि समजले की आता डॉक्टरचं काही खरं नाही.

बाहेर नळाजवळ एक म्हाताऱ्या मावशी मला म्हणाल्या, "अवं, तू काहून सुतकी तोंड करून राह्यली? देव करन ना बरं."

"देव करन मावशी, पण डॉक्टरीणबाई बोलू नका म्हणते."

"तिले कोण इचारते? लेकरू हाय ते."

मी पाळकसाहेबांना गाठलं. ते दानपेटीला कुलूप लावत होते.

"साहेब, गुरुवारची जागा दुसऱ्याला द्या."

"ताई, मी त्यांच्यावर कसलीही जबरदस्ती केलेली नाही."

"भर चर्चमध्ये सांगितलंत."

"ते उत्तेजन होतं."

"त्यांचा आवाज कायमचा गेला तर?"

"जाणार नाही, हाच तर विश्वास."

"आणि गेला तर?"

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही फार वाचता."

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे हा आरोप मला नवा नव्हता. पण त्यावरून एक गोष्ट सुचली. नवरा डॉक्टरचं ऐकणार नाही, माझं तर नाहीच, पण शास्त्राचं ऐकेल. तेव्हा शास्त्रातूनच त्याला गप्प करायचं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायबल उघडलं आणि वकील जसा आपल्या अशिलाच्या सोयीचा कायदा शोधतो तसं शोधू लागले.

पहिल्यांदा मी मोशे काढला. मोशे म्हणाला होता की मला नीट बोलता येत नाही, आणि देवानं त्याच्यासाठी अहरोनाला बोलायला दिलं. "बघा," मी म्हटलं, "देवाला चालतं. एकानं गप्प राहायचं, दुसऱ्यानं बोलायचं."

नवरा पलंगावर बसून टाइप करत होता. माझा मोबाइल वाजला. "त्या वक्ती देव मोशेवर रागावला होता. वाच पुढं."

मी पुढे वाचलं. रागावला होता.

मग मी एलीया काढला. वारा झाला, भूकंप झाला, अग्नी झाला, देव त्यात कुठेच नव्हता, आणि शेवटी एक मंद वाणी आली.

मोबाइल वाजला. "ते देवाची वाणी हाय. माह्यी नाही."

सोमवारी वाचन सुरू झालं. दारावर फलक लागला. कॉलेजातून येताजाता मी चर्चच्या खिडकीतून डोकावत असे. कोणी ना कोणी वाचत असे, कोणी ना कोणी बोट सरकवत असे, आणि पहिल्या बाकावर पाळकसाहेब बसलेले असत. घरी शिटी वाजवून, टाळी वाजवून आणि भांडं आपटून संसार चालला होता. नवऱ्यानं त्या दिवसांत एकदाही आवाज काढला नाही. मला त्याचीच भीती वाटायला लागली. तो गुरुवारसाठी साठवत होता.

मंगळवारी त्यानं स्वतःहून एक स्तोत्र पाठवलं. त्यात एक माणूस म्हणतो की मी तोंडाला लगाम घातला, चांगलंही बोललो नाही, आणि माझं दुःख आणखी भडकलं. खाली नवऱ्यानं लिहिलं होतं, "हे बी शास्त्रच हाय."

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझी एक मैत्रीण आहे, इतिहास शिकवते, बौद्ध घरातली. तिला मी सगळं सांगितलं. ती डबा खात ऐकत होती.

"आमच्याकडं लोक शिबिरात जाऊन मुद्दाम गप्प बसतात," ती म्हणाली. "त्यासाठी आधी नंबर लावावा लागते. भाऊजीले घरबसल्या भेटून राह्यलं तर ते भांडून राह्यले."

"त्यांना वाटतं देवानं तोंड बंद केलं."

"कायले?"

"ते सांगत नाहीत."

"मग तेच इचार ना बाई. मोशेले कायले मधात आणून राह्यली?"

बुधवारी संध्याकाळी मी विचारलं. अंगणात खाट टाकली होती, ऊन नुकतंच उतरलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते? कॅन्सरची?"

तो खूप वेळ टाइप करत राहिला. लिहायचा, पुसायचा. मग माझा मोबाइल वाजला. मेसेज लहान होता.

"जखऱ्या."

मला लगेच कळलं. जखऱ्या हा याजक. देवदूतानं सांगितलेल्या गोष्टीवर त्यानं विश्वास ठेवला नाही आणि मुका झाला. मंदिरातून बाहेर आला तेव्हा लोक उभे होते आणि त्याला बोलता येईना. लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे. आमच्याकडे नाताळच्या नाटकात जखऱ्या नेहमी नवराच व्हायचा, आणि मुका झाल्याचा अभिनय इतका जोरात करायचा की पोरं हसायची.

दुसरा मेसेज आला. "पंच म्हणून उभा राहत होतो. तोंडात खर्रा ठेवून शास्त्र वाचलं म्या. एकदा नाही."

तिसरा आला. "उद्या आवाज निघाला तर समजायचं त्यानं माफ केलं. नाही निघाला तर ते बी समजन."

"खर्र्यानं आवाज नेला," मी म्हटलं. "देवानं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तालुक्याला गाड्या सांगणारा माणूस खाटेवर बसून ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहत होता, आणि मी एवढी वाचणारी बाई, माझ्याकडे द्यायला एक वचन नव्हतं. जी होती ती मी सगळी भांडणात वापरून टाकली होती.

आमच्या दिवाणखान्यात एक कॅलेंडर आहे. त्यावर उगवता सूर्य आहे आणि खाली विलापगीतातलं ते प्रसिद्ध वचन आहे, की देवाची दया रोज सकाळी नवी होते आणि त्याचा विश्वासूपणा मोठा आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात हे वचन कुठे ना कुठे असतं, कॅलेंडरवर, पेल्यावर, नाहीतर उशीच्या अभ्र्यावर. मी त्याला तेही दाखवू शकले असते. पण पेल्यावर छापलेली गोष्ट घाबरलेल्या माणसाला सांगायची मला लाज वाटली.

गुरुवारी सकाळी तो माझ्याआधी उठला. अंघोळ केली, पांढरा शर्ट इस्त्री करून घातला. मी विचारलं, "काय ठरवलंय?" त्यानं मोबाइल घरीच ठेवला आणि चपला घातल्या.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा खालच्या बाकांवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. गुरुवारी सकाळी कामं टाकून लोक आले होते. ते चमत्कार पाहायला आले होते आणि त्यांना वाटत होतं की ते प्रार्थनेला आले आहेत. पाळकसाहेब पहिल्या बाकावर, मावशी दुसऱ्या. आमच्या आधी एक नवराबायको वाचत होते. त्यांची वेळ संपत आली तसे आम्ही स्टँडजवळ गेलो. नवरा डावीकडे गेला, वाचणाऱ्याच्या जागी. मी उजवीकडे.

तेव्हा मी पान पाहिलं. यशया नव्हता.

आदल्या वर्षीपर्यंत बुधवारी एक आजी वाचायच्या. प्रत्येक शब्दाला टेकत टेकत, एका अध्यायाला अर्धा तास. यंदा त्या मुलाकडे पुण्याला गेल्या आणि त्यांच्या जागी कॉलेजच्या पोरांनी वाचलं. पोरांनी यशया धडाधड संपवला होता, यिर्मयाही बराचसा उरकला होता. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण कुठपर्यंत आलं यापेक्षा चालू आहे ना, एवढंच सगळे पाहत होते. आधीच्या बाईंनी यिर्मयाचा शेवट वाचला, नवऱ्यासाठी पान उलटलं आणि त्या बाजूला झाल्या. पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, विलापगीत.

नवऱ्यानं ते पाहिलं. ना दऱ्या, ना डोंगर, ना सरळ रस्ता. क्षणभर तो चुकलेल्या फलाटावर उभ्या असलेल्या उतारूसारखा दिसला. मग त्यानं खांदे मागे घेतले आणि श्वास घेतला. तो श्वास मी हजारदा ऐकला आहे. प्रवाशांनी लक्ष द्यावे, याच्या आधीचा तो श्वास.

माझं बोट पहिल्या ओळीखाली होतं. पंखे घरघरत होते. सगळी मंडळी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. मी वाचायला लागले तर इतक्या लोकांसमोर त्याचं तोंड मीच बंद केल्यासारखं होईल, आणि तो मला कदाचित कधीच माफ करणार नाही. नाही वाचलं तर तो आवाज काढेल, आणि तंतू कायमचा बिघडेल. त्याचे ओठ उघडले.

मी वाचायला लागले.

मी पुढचं पाहिलंच नव्हतं. विलापगीत सुरू होतं ते एका नगरीनं. माणसांनी गजबजलेली नगरी आता एकटी बसली आहे, ती विधवेसारखी झाली आहे. पहिल्याच ओळीत तो शब्द माझ्या तोंडून निघाला आणि माइकमधून सगळ्या चर्चमध्ये गेला. कुठल्यातरी बाकावर कोणीतरी खाकरलं. माझा आवाज हलला, पण मी थांबले नाही. थांबले असते तर त्यानं पुढे वाचलं असतं.

त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. मी नुसती पानाकडे पाहत होते. माझं स्वतःचं बोट कधी निसटलं कळलं नाही, कारण मी दोन्ही हातांनी स्टँड धरला होता. तेवढ्यात ओळ हरवली. डोळ्यांपुढे सगळी काळी अक्षरं एक झाली. आता खंड पडणार असं वाटलं, आणि तेव्हा एक जाड बोट डावीकडून आलं आणि बरोबर त्या शब्दाखाली येऊन थांबलं.

तो वाचणाऱ्याच्या जागीच उभा होता. ओठ मिटलेले होते.

त्यानंतर मी वाचत गेले आणि बोट पुढे पुढे जात राहिलं. पहिला अध्याय, दुसरा. आम्ही लोक विलापगीत म्हणतो आणि कॅलेंडरवरचं एक वचन तेवढं आठवतो. त्याच्या आजूबाजूला काय आहे हे मी इतकी वाचणारी असून कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. तिसऱ्या अध्यायातला माणूस देवाविषयी जे बोलतो ते आमच्या प्रार्थनासभेत बोलला असता तर पाळकसाहेबांनी त्याला बाजूला घेतलं असतं. तो म्हणतो, देवानं माझ्याभोवती भिंत बांधली. मी हाका मारल्या तर त्यानं माझी प्रार्थना आत येऊ दिली नाही. तो अस्वलासारखा दबा धरून बसला. त्यानं खडे चावायला लावून माझे दात पाडले. हे सगळं पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याबद्दल त्या माणसाला कोणी मुका केलेलं नाही.

मग ते पेल्यावरचं वचन आलं. दात पाडल्यानंतर आलं. सूर्याच्या चित्राखाली जे वाचून मला कंटाळा यायचा ते खड्यांनंतर वाचलं तर वेगळंच वचन निघालं. रोज सकाळी नवी. ज्याची रात्र नीट गेली त्यानं हे लिहिलेलं नाही.

पुढे आलं की देवाच्या तारणाची गप्प राहून वाट पाहणं बरं आहे. त्याच्याही पुढे, माणसानं एकटं बसावं आणि बोलू नये, त्यानं आपलं तोंड धुळीत घालावं, कदाचित आशा असेल. हेच मी चार दिवस शोधत होते. मोशे आणि एलीयाकडे गेले आणि इथे पाहिलं नाही. मी ते सावकाश वाचलं, त्याला ऐकू जावं म्हणून. बोट जराही थांबलं नाही, पुढे गेलं. माझं मात्र एका शब्दावर मन अडकलं. कदाचित. शास्त्र म्हणजे ठाम बोलण्याचं पुस्तक असं मला वाटायचं, कारण आमच्याकडे ते ठाम बोलणाऱ्यांच्याच हातात असतं. त्यात कोणीतरी तोंड धुळीत घालून कदाचित म्हणतो, आणि तेही वचनच असतं. मला तेवढ्याचा आधार वाटला. आमेनहून जास्त वाटला.

बोट थांबलं ते थोडं पुढे. देव मनुष्यांना दुःख देतो, पण मनापासून देत नाही, अशी ओळ आहे तिथे. मी ती वाचली आणि पुढे जायला पाहिलं, तर बोट जागचं हलेना. वाचणाऱ्याला बोटाच्या पुढे जाता येत नाही. मी ती ओळ पुन्हा वाचली. बोट तिथेच होतं, नखाखालचं मांस पांढरं पडेपर्यंत दाबलेलं. एक ओळ दोनदा वाचायला बंदी आहे की नाही हे आमच्यात कोणालाच माहीत नाही, म्हणून मी तिसऱ्यांदाही वाचली. मग त्यानं बोट उचललं, त्याच हाताच्या मनगटानं डोळे पुसले, आणि पुढच्या ओळीखाली ठेवलं.

विलापगीत संपलं आणि यहेज्केल सुरू झाला. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी देव त्या संदेष्ट्याची जीभ स्वतः टाळूला चिकटवून टाकतो, त्याच्या हातून काही चुकलं म्हणून नव्हे, तर आत्ता त्यानं बोलू नये म्हणून. ते मी वाचलं तेव्हा दुसऱ्या बाकावरून मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "घ्या. हे बी हाय म्हणते." दोनचार जण हसले. पाळकसाहेब आपल्या पुस्तकात ती ओळ शोधत होते.

वेळ संपल्यावर आम्ही बाहेर येऊन कडुनिंबाखालच्या पायरीवर बसलो. मी नागपूरला फोन लावला. नंबर व्यस्त होता. पुन्हा लावला. कोणीतरी उचलून म्हणालं, रिपोर्ट आलाय, पण मॅडमच सांगतील, मॅडम पेशंट तपासत आहेत. नवरा जमिनीवरच्या वाळक्या काड्या पायानं एका रांगेत लावत होता. पाळकसाहेब बाहेर आले आणि आमच्यापासून थोडे दूर, हात मागे बांधून उभे राहिले. आतून दुसऱ्या कोणाचा तरी यहेज्केल ऐकू येत होता.

फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाली. मी श्वास सोडला, पण ती पुढे बोलतच होती. "पण पेशी चांगल्या नाहीत. आत्ता नाही, म्हणजे कधीच नाही असं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं, आणि पुढेही पाहत राहायचं. खर्रा कायमचा बंद. ते बोलले तर नाहीत ना?"

"नाही."

"आज वाचन होतं म्हणाला होतात."

"मी वाचलं."

"बरं केलंत. अजून काही दिवस असंच."

नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं आता बोलतो. त्यानं फोन तोंडासमोर धरला, डॉक्टर हॅलो हॅलो म्हणत राहिली, आणि त्यानं वाकून नमस्कार केला. फोनला. मग फोन मला परत दिला, शर्टाच्या खिशातून खर्र्याची पन्नी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणजे आजही ती खिशात होती. मी काही बोलले नाही. आधीच्या शनिवारी बोलले असते.

पाळकसाहेब जवळ आले. "ताई, विजय झाला ना?"

"तीन महिन्यांनी पुन्हा बघायचंय, साहेब."

"म्हणजे झालाच. मी आत सांगतो."

"जे आहे तेवढंच सांगा. आत्ता नाही, पुढचं माहीत नाही."

"असं कसं सांगायचं मंडळीला?"

"आत्ताच वाचलं की. तिसरा अध्याय."

त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माइक नसल्यामुळे की काय, काहीच बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी मात्र जाहीर केलं की प्रभूनं बंधूंना मोकळं केलं आहे, आणि त्यांच्या परत मिळालेल्या आवाजातला पहिला शब्द याच वेदीसमोर, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी, सगळी मंडळी ऐकेल. त्या दिवशी प्रेमभोजनही ठेवलं. पुलावाचं साहित्य आणायला माणसं नेमली. नवऱ्यानं नंतर मंडळीच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं.

घरी आल्यावर तो कॅलेंडरसमोर उभा राहिला. मग टेबलावरचं बायबल घेऊन विलापगीत काढलं आणि पलंगावर बसून ओळीखालून बोट फिरवत मनात वाचू लागला. मी समोर बसून भेंड्या चिरत होते. बोट कुठे थांबलं ते मला इतक्या लांबूनही दिसलं. जखऱ्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मीही मोशे काढला नाही. त्या दुपारी घरात कोणीच कोणाला वचन दाखवलं नाही.

डॉक्टरनं बोलायची परवानगी दिली ती पाळकसाहेबांच्या रविवाराच्या आदल्या शुक्रवारी. पहिला शब्द रविवारसाठी राखून नवरा बसमध्येही बोलला नाही. आम्ही नागपूरहून परत आलो तर आमच्या फाटकाला चिकटून एक ट्रक उभा होता आणि आत जायला वाट नव्हती. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, खांदे मागे घेतले, श्वास घेतला, आणि थोड्या जाड झालेल्या पण सबंध आवाजात म्हणाला, "ओ भाऊ, गाडी पुढं घ्या जरा, फाटक हाय इथं."

ड्रायव्हर तेलंगणाचा होता. त्याला मराठी येत नव्हतं.